डबा थांबत नाही

तुम्हाला सांगतो, सगळी चूक प्रभाकरकाकांची! बँकेतून रिटायर झाले, घरात कोणी ऐकेना, मग आमच्या माधव नगरच्या मंडळाचे अध्यक्ष होऊन आमच्या डोक्यावर येऊन बसले... गणपतीच्या आठ दिवस आधी मला म्हणतात, ‘‘आल्हाद बेटा, यंदा तबला राहू दे, आपला यशोधन कराओके आणून राहिलाय.’’ राहू दे? अहो, सहा वर्षं मृण्मयीच्या गाण्याला मी साथ केली, त्या तबल्यापायी बी.कॉम. अर्ध्यात सोडलं, आणि राहू दे? ...मी जळत नाहीये, हां!

हा यशोधन म्हणजे काकांचा पुतण्या. कंपनीनं दोन महिने जपानला काय पाठवला, गणपतीच्या कार्यक्रमात स्टेजवर चढून प्रवचनच! ‘‘मित्रांनो, कराओके हा जपानी शब्द. करा म्हणजे रिकामा, ओके म्हणजे ऑर्केस्ट्राचंच तोडून छोटं केलेलं. रिकामा ऑर्केस्ट्रा!’’ टाळ्या! पुढच्या रांगेतली म्हातारी मंडळी ‘वाह, क्या बात है’ करून राहिली, जसं काही शब्दाच्या बारशाला हीच जेवून आली होती! मी म्हणतो, रिकामा कसा? त्या कराओकेच्या डब्यात तबला आहे, बासरी आहे, डझनभर व्हायोलिन आहेत... रिकामी आहे ती वाजवणाऱ्याची गादी! म्हणजे माझी! आधी मला उठवायचं, वर त्याचा अर्थ समजावायचा, आणि मी तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या पिटायच्या? मी जळत नाहीये, हां... पण मृण्मयीचा माइक खाली-वर करायला त्यानं पाच मिनिटं लावली. पाच! घड्याळ बघत होतो मी.

आता मृण्मयीची एक खोड, फक्त मला माहीत असलेली. अंतऱ्याआधी ती श्वास घेते तो एवढा लांब, की ताल निघून जातो. मग मी दोन आवर्तनं भरायचो, छोटीशी लग्गी, झरझर बोलांची लड, लावायचो, ती आली की सम देऊन मोकळा. लोकांना वाटे, वा, काय रंगवून राहिलेत दोघं! डबा थोडाच थांबतो? तिनं श्वास घेतला, डबा पुढे! ती मागून धावली, डबा आणखी पुढे! सवयीनं तिनं डावीकडे बघितलं, माझ्या जागेकडे... तिथे यशोधन बटणं दाबत होता.

काय करायचं होतं मी? उठायचं, टाळीनं का होईना, ठेका द्यायचा. कळत होतं हो मला! आणि केलं काय? हसलो. खदखदून, अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असा. प्रभाकरकाका वळून ओरडले, ‘‘शरम नाही वाटत?’’ काकांची पर्वा मला कधीच नव्हती. पण बघितलं मृण्मयीनंही.

परवा देवास गेटच्या चौकात समोरून आली. वाटलं, भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं हो... ‘‘नमस्कार, आल्हादजी.’’ जी! सहा वर्षं ‘ए आल्ह्या’ म्हणायची.

तबला काकांनी बंद केला. मृण्मयी मी घालवली.