चौकशीला येणारे मास्तर

गरजूंना जकातीचं धर्मदान वाटणाऱ्या कमिटीच्या ऑफिसात मी रांगेत उभा होतो. माझ्यापुढची म्हातारी खिडकीतल्या कारकुनाशी बोलत होती.

"मदतीच्या यादीतून माझं नाव काढून टाका, बाबा. मुलगा परदेशी कामाला लागलाय. आता माझं भागतं."

"चांगलं झालं, खाला! तुमचा वाटा दुसऱ्या गरजवंताला देऊ."

"द्या, जरूर द्या. पण ते चौकशीला येणारे मास्तर येतील ना?"

"आता कशाला येतील? चौकशी संपली तुमची."

"छप्पर गळतं का बघायचे. गुडघा कसा आहे विचारायचे. नको नको म्हणत दोन कप चहा प्यायचे."

"त्यांना बाकीची घरं असतात, खाला. मुलगा फोन करतो ना?"

"करतो की. पैसे पोचले का, विचारतो."

"मग झालं तर!"

"बरं, जकात गोळा करायला तुम्ही घरोघरी जाता ना?"

"जातो. पण तुमच्यावर जकात लागू होत नाही. तेवढी शिल्लक कुठे आहे तुमच्याकडे?"

"नसेना का. खुशीने थोडंफार देईन."

"मग इथेच द्या, लगेच पावती फाडतो."

"इथे नको, बाबा. घ्यायला घरी कुणीतरी पाठवा."