आत्याचं नाक

पाट्या रंगवणारा काखेत स्वतः काढलेलं चित्र धरून फ्रेमवाल्याच्या रांगेत उभा होता. याआधी दोनदा तो दारातूनच परत गेला होता. पुढे एक चित्रकार मुलगी आणि तिची आत्या. काउंटरवर आत्याचंच चित्र.

"आत्या, परत नेऊ या. नाक अजून जमलं नाहीये."

"चार वर्षं झाली! एका नाकापायी माझ्या नाकी नऊ आणलेस."

"डावी नाकपुडी बघ ना, जराशी फुगलीये."

"चार वर्षं खुर्चीत बसवल्यावर फुगणारच."

"एकदाच, शेवटचा हात फिरवते."

"मागच्या शेवटच्या हातात माझा तीळ गेला. तू नाक सुधारेपर्यंत माझे दोन दात पडले, बाई! आता चित्रातली मी माझ्यापेक्षा तरुण दिसते."

"म्हणजे चुकलंच ना!"

"ही चूक मला आवडलीये. कर सही."

"अगं, पण..."

"कर म्हणते ना! आणि पर्समधला तो ब्रश इकडे दे."

सही झाली.

"काच कशी लावू?" फ्रेमवाल्यानं विचारलं.

"हिला उघडता येणार नाही अशी."

मग फ्रेमवाल्यानं त्यांच्या मागे उभ्या रंगाऱ्याकडे पाहिलं. "तुमचं काय, साहेब?"

"यांच्यासारखीच लावा," रंगारी म्हणाला, आणि खिशातला ब्रश काढून त्यानं आत्याच्या हातात ठेवला.