न विकलेलं स्ट्रेचर

ते स्ट्रेचर भंगारात कोणी टाकलं, ते मला आधी सांगा, मग मी सन्माननीय अध्यक्ष वगैरे म्हणते. सकाळी दुकानावर आले तर दारात हातगाडी. तिच्यावर फाटके तंबू, गंजलेले डबे, आणि सगळ्यांच्या वर आपल्या गल्लीचं स्ट्रेचर, उलटं पडलेलं. गाडीवाला दोरी आवळत होता. विचारलं तर म्हणतो, "अक्का, बठ्ठं लई जा, असं सांगेल शे." सगळं घेऊन जा म्हणून कोणी सांगितलं? कमिटीच्या पोरांनी? दुकान बंद होतंय म्हणून गल्लीची वस्तूही मोडीत काढायची का?

बरं. माझी लेक भूमिका खालून खुणा करतेय की आई, नीट सुरुवात कर. तर आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या व्यापारी कमिटीचे प्रमुख बन्सीलालशेठ, व्यासपीठावरचे मान्यवर, ज्यांना आज आपण निरोप देतोय ते हनीफभाऊ, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून भिंतीला टेकून उभे असलेले सगळे भाऊ-बहिणी. मी लताबाई. चौथी शिकले. हनीफभाऊंच्या मिल्ट्रीच्या दुकानाच्या ओट्यावर शिलाई मशीन लावून बसते. माईक पहिल्यांदाच हातात आलाय, तो लवकर सोडणार नाही.

मिल्ट्रीचं दुकान म्हणजे काय, ते आजच्या पोरांना सांगायला हवं. फौजेने काढून टाकलेला माल भाऊ लिलावात घ्यायचे. गाठ फुटली की डांबरगोळ्यांचा, रबराचा, जुन्या लोकरीचा वास पार चौकापर्यंत जायचा आणि त्या वासावर माणसं यायची. रावेर-यावलकडची केळी कापणारी मंडळी हिरवे शर्ट न्यायची. केळीच्या चिकाचा डाग मरेपर्यंत निघत नाही, पण त्या शर्टावर तो दिसत नाही. भरतीसाठी पळणारी पोरं बूट न्यायची. बाया ब्लँकेट न्यायच्या, राखाडी, अंगाला टोचणारं. एकदा घेतलं की सून घरात आली तरी ते फाटायचं नाही.

आणि फौजी सगळे उंच, आपली माणसं ठेंगणी. त्या फरकावर माझं घर चाललं. कंबर आत घे, पाय आखूड कर, बाह्या काप. कापलेल्या कापडाच्या मी पिशव्या शिवायचे, त्याही खपायच्या.

भाऊंची विकायची तऱ्हा तुम्ही पाहिलीय ना? पारोळ्याचे झिपरू नाना एकदा भर वैशाखात बर्फातला ओव्हरकोट मागायला आले. भाऊ म्हणाले, "नाना, आपल्या जळगावात बर्फ फक्त गोळ्याच्या गाडीवर पडतो. ये आपके काम का नहीं." नाना हटेनात. "तू दे भो, माले याहीना घर जानं शे." व्याह्यापुढे मिरवायचं होतं त्यांना. कोट मी बसवून दिला. नाना बटणं लावून तसेच उन्हात निघाले, घामाने भिजले, पण एक बटण सोडलं नाही. गिऱ्हाईकाला नको घेऊ म्हणणारा दुकानदार आता कुठे मिळतो? आता मोबाईलवर फोटो बघून ठिपक्यांची पँट मागवतात. दोन धुण्यांत तिचं फडकं होतं. भांडायचं कोणाशी?

आता स्ट्रेचरचं. तेही असंच एका गाठीतून निघालं. भाऊंनी किमतीची चिठ्ठी लावून दाराशी टांगलं. भाऊंची बायको, आपल्या शहनाजभाभी, हसायच्या, "चालता-फिरता माणूस ते कशाला विकत घेईल? खाट करून विका." मग एक दिवस वना हमाल कापसाच्या गाठींवरून खाली पडला. आपल्या गल्लीत अँब्युलन्स शिरत नाही, ती चौकात उभी राहते. चौघांनी वनाला त्या स्ट्रेचरवरून नेलं. वना वाचला. संध्याकाळी भाऊंनी ती चिठ्ठी काढून टाकली.

तेव्हापासून ज्याला लागेल त्याने न्यायचं. नियम एकच, धुऊन, वाळवून परत टांगायचं. गल्लीतल्या नाजमीनची मुलगी तर चौक यायच्या आधीच त्याच्यावर जन्मली. आता ती कॉलेजात जाते आणि आम्हाला ओळख देत नाही. माझा माणूस, गिरधर, छाती धरून पडला, तो त्याच्यावरून गेला आणि पायांनी चालत परत आला. तो बघा, पाण्याच्या जारपाशी बसलाय, मी बोलतेय म्हणून मान खाली घालून. म्हणून मी विचारते, असल्या वस्तूला हात लावायची हिंमत कोणाची...

काय म्हणालात, भाऊ? माईक देऊ? नको? बरं, मीच सांगते. हनीफभाऊ म्हणतात, "कमिटीने नाही, लताबाई. मीच गाडीवाल्याला सांगितलं. सकाळी शटर उचललं की तेच पहिलं दिसतं."

जरा पाणी द्या मला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गेल्या उन्हाळ्यात शहनाजभाभी दुकानातच पडल्या, ब्लँकेटच्या घड्या घालता घालता. पायांकडून गल्लीतल्या रमीज आणि फैजने उचललं, डोक्याकडून भाऊ आणि माझ्या गिरधरने. पूर्ण गल्लीभर भाऊ त्यांच्याशी बोलत होते. हा पानवाला गेला, ही मशीद गेली, हा चौक दिसायला लागला, बस, आलोच. मी भाभींच्या चपला हातात घेऊन मागून पळत होते. त्या चपला मी परत आणल्या, भाभी आल्या नाहीत. आणि स्ट्रेचर धुऊन, वाळवून पुन्हा दाराशी कोणी टांगलं? भाऊंनीच. नियम त्यांचाच होता.

भाऊ, माझा माणूस परत आला, म्हणून मला ते चांगलं दिसतं. तुम्हाला ते तसं कसं दिसेल? एवढं शेजारी बसून मला हे आज, इथे उभी राहिल्यावर कळलं. तुमच्या डोळ्यांसमोरून ते जायला हवं, मान्य. पण भंगारात नाही. तुम्ही चिठ्ठी काढलीत त्याच दिवशी ते तुमचं एकट्याचं राहिलं नाही.

सकाळी मी ते गाडीवरून ओढून काढलंय. आता ते मेहरूणला माझ्या घरी आहे. तिथे त्याचा काही उपयोग नाही, तिथे गाडी दारापर्यंत येते. त्याचं काम ह्या गल्लीत आहे. बन्सीलालशेठ, ह्या दुकानाच्या जागी कमिटी जी नवी दुकानं काढतेय, त्यांच्या नकाशात पाट्यांना जागा आहे, कॅमेऱ्यांना आहे, चपलांच्या रॅकलाही आहे. गल्ली रुंद होणार आहे का? नाही ना? मग माणूस पडला तर कशावरून न्यायचा, ते त्या नकाशात कुठे आहे? दुकानाबरोबर माझा ओटाही जातोय, त्याबद्दल मी काही मागत नाही. मशीन घरीही चालेल.

कमिटीने भाऊंना शाल दिली, चार माणसं जमवली, मला बोलू दिलं, त्याबद्दल आभारी आहे. भाऊ, तुम्ही मला बसायला ओटा दिलात, भाभींनी रोज दुपारी न मागता चहा दिला. त्याचे आभार मानायला गेले तर मला पुढचं बोलता येणार नाही, ते राहू द्या. कमिटीच्या पोरांवर मी नाहक आळ घेतला, तो त्यांनी पोटात घालावा. बाकीच्यांनाही काही लागलं असेल तर अडाणी बाईचं बोलणं म्हणून सोडून द्या.

पण उत्तर सोडणार नाही. शुक्रवारी दुपारी भाऊ लेकीकडे, शाझियाकडे, धुळ्याला जायला निघतील. त्याच्या आत, ते स्ट्रेचर ह्या गल्लीत कोणाच्या भिंतीला टांगायचं, त्या माणसाचं नाव मला हवंय. 'बघू' म्हणालात तर मी ते उत्तर धरणार नाही. जाताना भाऊंनी तिकडे बघितलं नाही तरी चालेल. पण गाडीत बसायच्या आधी ते नाव त्यांच्या कानावर पडलं पाहिजे.