मुकुटावरच्या ज्वाळा

स्टेशनरीच्या दुकानात माझ्यापुढे नणंद-भावजय उभ्या होत्या. नणंदेच्या हातात लाल कागदांचं भेंडोळं.

"परत लाल कागद? मुलं खातात की काय?"

"वहिनी, पेंटेकॉस्टचा सण आलाय. संडे स्कूलमध्ये मुलांना ज्वाळांचे मुकुट करायला दिले. येशूच्या शिष्यांच्या डोक्यावर अग्नीच्या जिभा उतरल्या आणि त्यांचं बोलणं परक्यांनाही आपापल्या भाषेत कळलं, ती गोष्ट सांगितली."

"मग बिघडलं कुठे?"

"ती नवीन मुलगी आहे ना, आपली भाषा न येणारी? पोरांनी तिच्या मुकुटावर चांगल्या चार-पाच ज्वाळा चिकटवल्या. म्हणे, आता हिला सगळं कळेल."

"आणि?"

"कसलं काय! ती आपली ढिम्म. तर पोरं म्हणतात, टीचर, डिंक कमी पडला असेल."

"अगं बाई!"

"हसू नका हो. तेवढ्यात एक चिमुरडी म्हणाली, 'पण आग तर बोलणाऱ्यांच्या डोक्यावर होती ना?' झालं! पोरांनी त्या नव्या मुलीच्या ज्वाळा उपटल्या आणि माझ्या डोक्याला बांधल्या."

"मग तू काय केलंस?"

"काय करणार? असं होत नाही म्हणू, तर गोष्ट मीच सांगितलेली. होतं म्हणू, तर बोलून दाखवायचं कसं?"

"आणि ती मुलगी?"

"ती कोपऱ्यातून उठली, वहिनी. पहिल्यांदाच. अगदी माझ्यासमोर येऊन बसली, माझ्या तोंडाकडे बघत."