जिना कुणी पुसला?

(सुतारकामाचा कारखाना. कोपऱ्यात लाकडाच्या भुशाने माखलेला कॉम्प्युटर. त्याच्यापुढे दुरुस्तीला आलेली बाई, तिच्या मागे थोरला भाऊ. पलीकडे पाठ करून धाकटा रंधा मारतोय.)

थोरला : व्हायरस-बियरस काही नाही हो. माझी फाइल ज्याने पुसली तो तिथे पलीकडे उभा आहे. रंधा मारतोय ना, तो.

कॉम्प्युटरवाली : ते तुमचे भाऊ ना?

थोरला : कागदोपत्री.

धाकटा : ताई, दादाला सांगा, मी कुणाच्या फाइलीला हात लावत नाही.

कॉम्प्युटरवाली : अहो, ते इथेच तर आहेत. ऐकू आलं त्यांना.

थोरला : मला काही ऐकू आलं नाही. काय म्हणाला?

कॉम्प्युटरवाली : म्हणाले, ते हात लावत नाहीत.

थोरला : त्याला सांगा, खोटं बोलताना निदान रंधा तरी थांबवावा माणसाने.

कॉम्प्युटरवाली : काका, मी कॉम्प्युटर बघायला आलेय. निरोप्याचं काम इथे आधी कोण करायचं?

थोरला : आमची ही.

धाकटा : वहिनी.

थोरला : ती कंटाळून बहिणीकडे जाऊन राहिलीय. जाताना म्हणाली, माझा घसा बसला, आता तुमचं तुम्ही बघा.

कॉम्प्युटरवाली : शहाण्या आहेत. बरं, नेमकं काय हरवलंय?

थोरला : जिना.

कॉम्प्युटरवाली : अख्खा?

थोरला : जिन्याचं ड्रॉइंग. मुख्याध्यापिका बाई आहेत, त्यांच्या नव्या घरातला जिना. दिवसभर या खुर्चीवर बसून काढला. मान अवघडली. सेव्ह केला, मशीन बंद केलं, घरी गेलो. दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर जिना गायब!

कॉम्प्युटरवाली : परत नाही काढलात?

थोरला : का काढू? एकदा काढलेलं मी परत काढत नाही. ज्याने पुसलं त्याने आणून द्यावं.

कॉम्प्युटरवाली : आणि बाईंना कधी हवंय?

थोरला : आज चार वाजता यायच्यात.

कॉम्प्युटरवाली : आज? आणि तुम्ही मला आज बोलावताय?

थोरला : मला वाटलं, मनाची लाज वाटून तो आणून देईल. नाही दिलं. आता मी ठरवलंय. आज काम हातचं गेलं, की उद्या कारखान्याच्या वाटण्या. बास!

धाकटा : ताई, दादाला विचारा, वाटणी कशी केलीय ते. मोठी करवत त्याला आणि रंध्याचं मशीन मला. म्हणजे तो नुसतं कापणार आणि मी नुसतं तासणार. मी काय, दारोदार विचारत फिरू, कुणाचं तासायचंय का म्हणून?

थोरला : त्याला म्हणावं, करवत घे, मी तासतो.

धाकटा : त्याला म्हणावं, तसं केलं तरी अडचण तीच राहते!

कॉम्प्युटरवाली : थांबा, थांबा. भाऊ, तुमची काय तक्रार आहे? तुमचंही काही गेलंय का?

धाकटा : माझं? ताई, माझं सगळंच गेलंय. इतक्या वर्षांची ड्रॉइंग्ज. पलंग, कपाटं, शाळेचे बाक, ते गोल टेबल. दोघांनी मिळून काढलेली. एके दिवशी दुपारी येतो तर स्क्रीन कोरी. धुवून पुसून स्वच्छ. दादाने लपवली. मला कारखान्यातून उठवायचं होतं, तर तोंडाने सांगायचं ना!

थोरला : काय बोलतो हा? बाई, सगळी ड्रॉइंग्ज जागच्या जागी आहेत! मी कालच तो बाक उघडला होता.

धाकटा : ताई, तो बाक मला गेले कित्येक दिवस दिसला नाही. शपथेवर सांगतो.

थोरला : मला दिसतो.

धाकटा : मला दिसत नाही.

थोरला : चष्मा बदल म्हणावं.

कॉम्प्युटरवाली : एक मिनिट. दोघंही गप्प बसा. म्हणजे, तसे तुम्ही गप्पच आहात... एकाला दिसतंय, दुसऱ्याला दिसत नाही. आणि तुम्ही दोघं एका वेळी इथे बसत नाही?

थोरला : सकाळी मी. जेवणानंतर तो. समोरासमोर यायला नको. जिना काढला त्या दिवशी तो बाहेर कामावर होता, म्हणून मी दिवसभर बसलो.

कॉम्प्युटरवाली : काका, सकाळी आलात की काय करता? एकेक सांगा.

थोरला : बटण दाबतो. मशीन घरघरतं. मग हजेरी लावतो.

कॉम्प्युटरवाली : काय लावता?

थोरला : हजेरी. स्क्रीनवर आमची दोघांची नावं येतात ना, एकाखाली एक. आपापल्या नावावर दाबायचं. हिने बसवून दिलंय ते. कोण किती काम करतो ते कळायला.

धाकटा : मी पण रोज लावतो हजेरी, ताई. एकही खाडा नाही. वहिनीला विचारा.

थोरला : मी तर कधी कधी सकाळी मधेच चहाला उठतो तेव्हाही एकदा लावून येतो. उगाच नंतर कुणी म्हणायला नको.

कॉम्प्युटरवाली : अरे देवा.

थोरला : काय झालं?

कॉम्प्युटरवाली : ती हजेरी नाही, काका.

थोरला : मग?

कॉम्प्युटरवाली : वहिनींनी हे करून दिलं तेव्हा काही भांडण चालू होतं का तुमचं?

थोरला : भांडण कसलं? स्क्रीनवर मी बाबांचा फोटो लावला होता. त्यांनीच हा कारखाना उभा केला. रोज काम सुरू करताना दर्शन व्हावं, इतकंच. तर या पठ्ठ्याने काढून टाकला आणि तिथे कुठलं तरी तळं लावलं! डोंगर, झाडं, पाण्यात बदक! सख्ख्या बापाच्या जागी बदक!

धाकटा : ताई, त्या फोटोत बाबांच्या बरोबर कपाळावर कचऱ्याची टोपली यायची. ती टाकाऊ फाइलींची असते ना, ती. आणि नाकावर कॅल्क्युलेटर. मला बघवत नव्हतं ते. म्हणून काढला.

थोरला : हे त्याने तेव्हा सांगितलं नाही.

धाकटा : तेव्हा दादा हातोडी घेऊन उभा होता.

थोरला : हातात होती. उगारली नव्हती.

कॉम्प्युटरवाली : मग तुम्ही फोटो लावायचा, यांनी काढायचा, असं चाललं असणार. आणि वहिनींनी वैतागून एकाच मशीनमध्ये दोन बिऱ्हाडं थाटून दिली. तुमच्या नावावर दाबलं, की तुमची खोली उघडते. त्यात बाबा. त्यांच्या नावावर दाबलं, की त्यांची खोली. त्यात तळं. एका खोलीतलं सामान दुसऱ्या खोलीत दिसत नाही.

थोरला : म्हणजे वाटण्या आधीच झाल्यात?

कॉम्प्युटरवाली : झाल्यात आणि तुम्ही रोज त्यावर हजेरी लावताय.

धाकटा : म्हणजे जुनी ड्रॉइंग्ज...

कॉम्प्युटरवाली : काकांच्या खोलीत राहिली. कारण मशीन आधीपासून त्यांच्या नावावर होतं. तुमची खोली नवी, म्हणून कोरी. कुणी काही लपवलं नाही, भाऊ.

(रंधा थांबतो.)

कॉम्प्युटरवाली : रंधा का थांबला?

धाकटा : पातं सरकलं. बसवतो.

थोरला : ते सगळं ठीक आहे हो. पण माझा जिना? मी तर माझ्याच नावावर हजेरी... माझ्याच खोलीत काढला होता. तो कसा गेला?

कॉम्प्युटरवाली : तेच बघतेय. तुमच्या खोलीत नाहीच तो. काका, आठवा. त्या दिवशी हजेरी लावली होती? नक्की?

थोरला : मी कधी चुकवत नाही... नाही, थांबा. त्या दिवशी मशीन सुरूच होतं. हे साहेब आदल्या संध्याकाळी तसंच चालू ठेवून गेले होते. रात्रभर वीज जळत होती! मी चरफडत तसाच कामाला लागलो.

कॉम्प्युटरवाली : आणि स्क्रीनवर फोटो कुणाचा होता?

थोरला : बदक. मला वाटलं, परत बाबांना काढलं. असा संताप आला! म्हटलं, आता याच्या तोंडी लागायचं नाही. ड्रॉइंग मोठं करून बदक झाकून टाकलं.

कॉम्प्युटरवाली : म्हणजे दिवसभर तुम्ही त्यांच्या खोलीत बसून काम केलंत, तिथेच ठेवलंत, दार लावून घेतलंत. आणि दुसऱ्या दिवशी आपल्या खोलीत शोधत बसलात.

थोरला : माझा जिना याच्या खोलीत आहे?

कॉम्प्युटरवाली : असायला हवा. भाऊ, तुमच्या नावाने उघडते हं. हे तळं... बदक छान आहे. ही बघा. फाइल, ‘जिना’. हा ना?

थोरला : हा! हाच! हे माझं वळण. हा कठडा माझा. बाई, तुमच्या तोंडात साखर पडो!

कॉम्प्युटरवाली : चला, सुटले तुम्ही. प्रिंट काढा आणि बाईंना दाखवा. माझं काम झालं.

थोरला : पण हे खाली काय आहे? ही दुसरी फाइल? ‘जिना दादासाठी’?

कॉम्प्युटरवाली : ती भाऊंची असणार. उघडू का?

धाकटा : नको.

थोरला : उघडा.

धाकटा : ताई, दादाला सांगा, ती जुनी आहे. काही उपयोगाची नाही आता.

थोरला : उघडा हो. माझ्यासाठी लिहिलंय.

कॉम्प्युटरवाली : घ्या.

थोरला : हा तर माझाच जिना आहे. पण पायऱ्या बसक्या केल्यात. कुणी सांगितलं याला पायऱ्या बसक्या करायला?

धाकटा : ताई, दादाला सांगा, मी मापं घ्यायला गेलो तेव्हा बाईंची आई दारात बसली होती. गुडघ्यांवर हात ठेवून. मला विचारत होती, वरच्या खोलीतून बाग दिसेल का हो? दादाच्या पायऱ्या तिला चढता येणार नाहीत. ती कायमची खालीच राहील.

थोरला : हे मला माहीत नव्हतं.

धाकटा : दादाला सांगा, तो मापं घ्यायला आलाच नव्हता. मी येणार म्हणून.

थोरला : त्याला विचारा, हे सगळं त्याच्या खोलीत पडलेलं असताना त्याला कळलं नाही, की मी चुकून ठेवलंय? मी इकडे वाटण्यांची बोलणी करतोय आणि हा...

धाकटा : मला वाटलं, मुद्दाम ठेवलंय.

कॉम्प्युटरवाली : मुद्दाम?

धाकटा : हो ना. महिनाभर दादा माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. आणि एके दिवशी माझ्या स्क्रीनवर त्याच्या हातचं ड्रॉइंग. मला वाटलं, तोंडाने बोलवत नाही, म्हणून ठेवून गेलाय. मी बघावं म्हणून. असा आनंद झाला, ताई, काय सांगू! दोन दिवस बसून पायऱ्या नीट केल्या आणि परत तिथेच ठेवलं. त्याला सापडेल अशा जागी. नावसुद्धा घातलं त्याचं.

कॉम्प्युटरवाली : आणि उत्तराची वाट बघितलीत.

धाकटा : रोज. दुपारी आलो, हजेरी लावली, की आधी ती फाइल उघडायचो. दादाने काही बदललंय का, एखादी रेघ तरी. काही नसायचं. मग कळलं, की त्याला आवडलं नाही. मग मी पण बोलायचं सोडलं.

थोरला : गाढवा!

कॉम्प्युटरवाली : कुणाला सांगू?

थोरला : कुणाला सांगू नका. मी त्याच्याशी बोलतोय. गाढवा, एकदा विचारायचं नाही का? दादा, बघितलंस का म्हणून?

धाकटा : तू ऐकू येत नाही म्हणायचास!

थोरला : ते मी तुझ्या वहिनीसमोर म्हणायचो. मी रोज सकाळी येतो, तुझा चहाचा कप इथे तसाच पडलेला असतो. तो विसळून ठेवतो. मला काय बरं वाटत होतं का? आपण दोघं बोलत नाही म्हटल्यावर या कारखान्यात यायचीसुद्धा इच्छा होत नव्हती मला.

धाकटा : मला वाटायचं, कप वहिनी विसळते.

थोरला : ती कशाला विसळेल तुझा कप?

कॉम्प्युटरवाली : मी निघू का? तेवढं एकच सांगा. दोन्ही खोल्या ठेवू, का मधली भिंत काढून टाकू? एक केलं तर सगळी ड्रॉइंग्ज दोघांना दिसतील. फक्त फोटो एकच राहील.

थोरला : बाबा.

धाकटा : बाबा राहू देत, पण ती टोपली कपाळावरून हलवा, ताई.

कॉम्प्युटरवाली : हलवते. कोपऱ्यात ठेवते. आणि कॅल्क्युलेटर?

धाकटा : ते नाकावर असू दे. हिशेबाला बाबा पक्के होते.

थोरला : ए, हे काय रे? ये, बस या खुर्चीवर. इथे बघ. वळणावर काहीच काढलेलं नाहीस. खालून पायऱ्या आल्या, वर पायऱ्या गेल्या आणि मध्ये नुसतं पांढरं. बाई चारला येणार, त्यांना काय, मधून उडी मारा म्हणून सांगू?

धाकटा : पायऱ्या बसक्या केल्यावर वळण सरकलं ना. ते मला बसवता येत नाही. ते तुलाच जमतं. म्हणून तेवढी जागा मोकळी ठेवली होती.

थोरला : सरक जरा. बसू दे.