चाकं कुठं हायत?

...आणि वर मलाच विचारतात, "चाकं कुठं हायत?" अहो, चाकं असती तर तिला सायकल म्हटलं असतं ना! मी फ्रेम आणली. फ्रेम! सायकलचा सांगाडा. तीन दांड्या, पुढं चिमटा, खलास. तुमाला सांगते, घिवलीच्या नाक्यावर उतरल्यापासून घरी पोचेपर्यंत ज्याला डोळे हायत त्यानं विचारलं, आणि जिला नीट दिसत नाय त्या चंद्रकांताकाकीनं पार हात फिरवून बघितलं आणि मग विचारलं, "सलोनी, चाकं कुठं गं?" मी म्हटलं, काकी, चाकं मागनं येतायत. तर म्हणते, "चालत?"

हसा, हसा. सगळा गाव हसला, तुमी कशाला मागं राहता? पण मी ठरवलंच होतं. घेतली म्हणजे घेतली!

आता तुमी म्हणाल, एवढं अडलं होतं काय? अडलं होतं! मी बोईसरला कंपनीत पॅकिंगला हाय. माझ्या पाळीच्या वेळेला एसटी नाय, रिक्षा भरल्याशिवाय हलत नाय, म्हणून आमचा सुजीत, धाकटा भाऊ माझा, लहानपणी ज्याचं नाक मी पुसलं, तो मला मोटरसायकलवरनं सोडायचा. सोडायचा म्हणजे काय, उपकार करायचा! दारात हॉर्न... पँऽऽ पँऽऽ... "ये, चल लवकर! मी काय तुझा ड्रायवर हाय?" घास तोंडात, वेणी अर्धी, आणि मी धावते. संध्याकाळी त्याचे मित्र भेटले की मी रस्त्याकडंला उभी, डब्याची पिशवी धरून, एखाद्या पार्सलसारखी. आणि घरी काय बोलायची सोय नाय! लगेच, "उद्या चालत जा." तिशीला आलेली बाई मी, स्वतः कमावते, आणि कामावर कधी पोचायचं ते या पोराच्या मूडवर? का म्हणून?

म्हणाल, मग चांगली गियरची सायकल घ्यायची. घेतली होती की! सेकंडहँड. आमच्याकडचा खारा वारा तुमाला ठाऊक नाय. त्यानं आधी तारा खाल्ल्या, मग गियर खाल्ले, शेवटी घंटी तेवढी चांगली राहिली. म्हणून मी मोबाईलवर शोध शोध शोधलं आणि मला सापडली फिक्सी. तिला गियरच नाय! पायडल फिरलं की चाक फिरतं, चाक फिरलं की पायडल फिरतं, मधे पाय सोडून आरामात बसायचं नाय. गियर नाय तर गंजेल काय? आमचा रस्ता सपाट, चढ नाय, घाट नाय. सांगा, माझं काय चुकलं?

फक्त अख्खी घ्यायला पैसे नव्हते. दिवाळीचा बोनस फ्रेमपुरता. मग मी हिशोब केला, आज फ्रेम, पुढच्या पगाराला एक चाक, त्याच्या पुढच्या पगाराला दुसरं. लोक घर नाय का बांधत असं, आधी खाली, मग वर?

पालघरला भाग्येश म्हणून एक पोरगा फ्रेम विकत होता. गेले. तर तो सुरू, "ताई, लाइटवेट हाय, ट्रॅकची जॉमेट्री हाय, बोटावर उचला!" मला त्यातलं काय कळतंय? पण आईबरोबर मासळीबाजारात बसून माझा जन्म गेलाय, वस्तू बघायची कशी ते काय मला शिकवायचं? मी फ्रेम उलटी केली, नाक लावलं, अंगठ्यानं दाबून बघितली आणि तोंडातनं निघून गेलं, "कालची दिसते."

"ताई, फ्रेम शिळी नसते!"

"मग इथं काळी का पडली?"

"तो कलर हाय! मॅट!"

मी म्हटलं, असेल. आणि निघाले. त्यानं हाक मारली, परत आले. परत निघाले, परत हाक. आईची गिऱ्हाइकं आईला जे जे करतात ते सगळं मी त्याला केलं, बिचारा घामाघूम झाला. शेवटी भाव जमला, तर म्हणतो, "चाकं पण हायत माझ्याकडं, पण त्याचे वेगळे." मी म्हटलं, घोळ मासा घेतल्यावर डोकं वेगळं विकतोस काय रे? तर म्हणतो, "ताई, विकतातच की!" फ्रेम खांद्याला लावली. घेतली म्हणजे घेतली!

एसटीत चढले तर कंडक्टर. "सायकलचं लगेज तिकीट लागेल." मी म्हटलं, कुठाय सायकल? "ही काय!" म्हटलं, चाकं दिसतायत तुमाला? उमरोळीपर्यंत मागं बसून विचार केला त्यानं, आणि पुढं येऊन म्हणतो, "पण होणार तर सायकलच ना?" मी म्हटलं, झाली की या तिकीट फाडायला! बोईसरला रिक्षावाला म्हणतो, "दीदी, ये पंखे का स्टँड है क्या?" म्हटलं, हां भैया, पंखा पीछे से आ रहा है.

घरी आले. आई बोंबील उलटत होती, तिनं वर बघितलं आणि म्हणाली, "बाय, मासा खाऊन काटा आणलास गं?" सुजीत तर लोळलाच! "आये, हिला सांग, उद्या ही फ्रेम गळ्यात घालून बोईसरला धावत जायचं!" मी आईला समजावलं, आये, ही सायकल अशी हाय की पाय एक क्षण थांबवायचे नाय, सारखे चालूच. आई म्हणते, "मंग त्यात नवीन काय? मी हायच की घरात तशी."

आणि मग बाबा बाहेर आले. वामन तांडेल. कामानं पण तांडेल, म्हणजे बोटीचे म्होरके; जन्मभर दुसऱ्यांच्या बोटी चालवल्या, आता गुडघे दुखतात म्हणून घरी. मी म्हटलं, आता हे पण विचारणार. त्यांनी फ्रेमभोवती एक चक्कर मारली. दांडीवर टिचकी मारून कान लावला. आणि सुजीतला म्हणाले, "हसतोस काय रे? होडी बांधायला घेतात तेवा पहिलं काय टाकतात?"

सुजीत म्हणाला, "पठाण."

"काय असतं ते?"

"बुडाचं लांब लाकूड."

"त्याला फळी असते? वल्हं असतं? तेवा कोण विचारतं का, बाकीची होडी कुठं हाय म्हणून? नारळ फोडतात! माझ्या पोरीनं पठाण टाकलाय. जा, नारळ आण."

आणि मग हळूच म्हणाले, "माझ्या दारात कधी पडला नाय पठाण. आज पडला."

तुमाला सांगते, मी दिवसभर कोणापुढं नमले नाय, पण तिथं माझ्या डोळ्यांतनं पाणीच आलं. फ्रेमला हळदकुंकू, दांडीला झेंडूचा हार, अख्खी आळी गोळा, सगळ्यांना खोबरं! घेतली म्हणजे घेतली!

इथंच थांबलं असतं तर किती बरं झालं असतं... पण बाबा म्हणाले, पूजा झालेली होडी दारात अर्धी ठेवायची नाय. आळीसमोर सुजीतची लाज निघालेली, तो तावातावानं गेला आणि भाग्येशकडनं दोन्ही चाकं घेऊन आला! आईनं बोंबलाच्या पैशातनं सीट, हँडल, ब्रेक, पायडल, चेन आणली. मी ओरडत होते, नको, मी घेते, माझ्या पगाराला घेते! पण ऐकतंय कोण? आठवड्यात सायकल तयार. काळी, बारीक, अशी देखणी की काय सांगू! मी सीटवर बसायला गेले तर बाबा म्हणाले, "थांब. पहिल्या फेरीला तांडेल असतो."

आता त्यांना नाय कसं म्हणू?

बाबा बसले. पायडल मारलं. चालली की! मग म्हातारबुवांनी सवयीनं पाय थांबवायला बघितलं, आणि पायडल कुठं थांबतंय? "अगं सलोनी, ही मलाच चालवते गं!" मी मागं धावते, ब्रेक दाबा, ब्रेक दाबा! पण होडीला कुठं ब्रेक असतो? ते हँडल धरून नुसते समोरच्यांना ओरडतायत, "बाजू! बाजू!" ...आणि गेले ते थेट नलूआत्यानं वाळत घातलेल्या जवळ्यात! सगळा जवळा अंगावर, मिशीत जवळा, कानात जवळा, आणि उठून म्हणतात काय? "झ्याक हाय! उद्या परत!" आत्या तिकडनं किंचाळते, "माझा जवळा गेला, माझा पण वाटा धरा!"

वाटा! बोटीच्या कमाईत ज्याचं काय लागलं त्याचा वाटा असतो, एकदा तो शब्द निघाला की संपलं. ओटीवर बैठक. चाकं सुजीतची, त्याचा वाटा. सीट, चेन आईची, तिचा वाटा. जवळा आत्याचा, तिचा वाटा. तांडेलाचा तर असतोच. आता बाबा सकाळी बंदरावर जातात, मग आई त्याच दांडीला पाटी टांगून हातानं ढकलत बाजारात नेते, दुपारी आत्याचा नातू, संध्याकाळी सुजीत फोटो काढत फिरतो. सुजीत! मोटरसायकल दारात सोडून!

मी भांडले. म्हटलं, बाबा, फ्रेम कोणी आणली? माझी हाय ती! तर बाबांनी डोक्यावरनं हात फिरवला आणि म्हणाले, "तुझीच हाय बाय. तू मालकीण. पण मी एवढ्या बोटी चालवल्या, एक तरी मालक कधी बोटीवर आला काय? मालक बंदरावर उभा राहतो."

सुजीत अजून हॉर्न मारतो, "चल, सोडतो!" नाय बसत मी. कधीच नाय बसणार त्याच्या मागं! रिक्षासाठी नाक्यावर उभी राहते. ती भरल्याशिवाय हलत नाय, लोक विचारतात, "सलोनी, तू तर सायकल घेतलीस ना गं?" मी मान ताठ करून सांगते, घेतली म्हणजे घेतली! तर विचारतात, "मग उभी कशाला?"

म्हणते, मालकीण हाय ना मी... मालकांना उभंच राहावं लागतं!