दोघांची उजळणी

नाही, इहीनबाई, तिले हाक मारू नका. बसा आधी, पाणी प्या. धामणगाव बढ्याहून एसट्या बदलत आल्या तुम्ही, तोंड पाहा कसं सुकून गेलं — चहा ठेवते, सारं करते, पण पोरीले बाहेर बोलवायचं नाही. तुमची पोरगी हाय, तुम्ही तिची माय, मी काय नाही म्हणते काय? भेटा, पोटभर भेटा, पण दिवस मावळल्यावर. आता ती उजळणीले बसली हाय. ऐकू येते ना? 'परिघ बरोबर दोन पाय त्रिज्या, क्षेत्रफळ बरोबर पाय त्रिज्येचा वर्ग' — सकाळपासून हेच चालू हाय. पाय म्हणजे आपला चालायचा पाय नाही बरं का, तो कोणता तरी आकडा हाय, बावीस भागिले सात. मले इचारान तं डोकं पिकलं माझं त्या गोलानं. उद्यापासून चिखलीले मॅट्रिकचे पेपर, आधी मराठी, मंग गणित, मंग शास्त्र — आन् तुम्ही आज आल्या तिले घेऊन जायाले!

काऊन आल्या ते मालूम हाय मले. इंद्रभान आला ना तिकडे? जावई म्हणून पाटावर बसवलं असन, गोडधोड केलं असन, आन् हात धुता धुता त्यानं हळूच सुरू केलं असन — 'तुमची कोकिळा मले मान देत नाही, घरात मास्तरीण होऊन बसली, चार लोकांत माझी इज्जत काढली.' हेच म्हणला ना? सांगू नका, मी त्याची माय हाय, त्याचं बोलणं मले इथून ऐकू येते. आन् तुम्ही घाबरल्या. पोरगी टाकून देतो का काय हा — अस्सं वाटलं तुमाले. वाटणारच. पण मंग दोन्हीकडचं ऐका. त्याचं ऐकलं, आता माझं ऐका.

तुमची पोरगी आमच्या घरी आली तवा नववी पास व्हती. लग्नाच्या घाईत तुम्हीच तिची शाळा सोडवली — जाऊ द्या, ते उकरत नाही मी. आन् आमचा हा तवाच मॅट्रिकले बसून आपटला व्हता, मंग पुन्हा बसला, पुन्हा आपटला. मराठी चांगलं, इतिहास तोंडपाठ, पण गणित आन् शास्त्र म्हणलं का आडवा. ग्रामसेवक व्हायचं मनात हाय त्याच्या, मॅट्रिकशिवाय कोण ठेवते? मंग वामनराव गुरुजी एक दिवस मले म्हणे, 'जनकाबाई, सुनेले बाहेरून बसवा परीक्षेले, ती सहज पास होईन, आन् मुलींच्या शाळेले बाई पायजेच हाय.' म्या लगेच हो म्हणलं. गावात वाहवा झाली माझी. सासू असावी तं अशी! आता काऊन हो म्हणलं — सून मास्तरीण व्हावी म्हणून? छ्या! म्या इंद्रभानसाठी हो म्हणलं. म्हणलं ही मोठ्यानं वाचन, तो ऐकन, दोघं मिळून उजळणी करतीन आन् हा तिच्यासंग पास होऊन जाईन. ती पास व्हवो का नापास, मले काय घेणंदेणं व्हतं? — तोंड पाहू नका असं. खरं ते सांगतलं.

आन् पयले पयले चांगलं चाललं, खरंच सांगते. एक दिवस दुपारून दोघं सुतळी घेऊन बसले. परात, तवा, तेलाचा डबा, जात्याची तळी, जे गोल दिसन त्याले सुतळी गुंडाळायची, मंग तीच मधून आडवी धरायची आन् भागाकार. दरवेळी तीन आन् वर जरासं! तो म्हणे, 'पाहू, पाहू, मायचं बोरमाळेचं डबडं आण' — त्यातही तीन आन् वर जरासं! दोघं हसून राह्यले, लहान लेकरासारखे. मले भाकरी टाकायच्या व्हत्या, परात त्यांच्यापाशी अडकलेली, पण म्या मागितली नाही. लग्न झाल्यापासून ते दोघं असे हसलेले म्या पयल्यांदा पाह्यले व्हते, इहीनबाई. शेजारणीच्या घरून ताट आणून त्यात पीठ मळलं म्या.

मंग गुरुजी आले आन् सारं बिघडलं. त्या बिचाऱ्याचा काय दोष, तो उजळणी घ्यायले आला. बाहेर ओसरीवर, सपरीत बसला, चहा घेतला आन् म्हणे, 'तुमच्या वावरातली विहीर चौदा हात रुंद हाय, तं कठडा किती हात बांधा लागन?' कोकिळा म्हणे चवेचाळीस. आमचा हा पाटीवर कितीतरी वेळ घासत बसला, आन् म्हणे एकशे चोपन्न. गुरुजी हसले नाहीत, म्हणे, 'इंद्रभान, तू विहिरीचं तोंड झाकायचं माप काढलं, कठड्याचं नाही.' झालं! इतकं बोलून विषय सुटायले पायजे व्हता का नाही? पण हा ऐकन तं! मोटेचा दोर खांद्यावर टाकला आन् गेला वावरात, विहिरीले दोर गुंडाळायले. तिथं बाया धुणं धुऊन राह्यल्या. त्यांच्यासमोर हा विहिरीभोवती फिरून राह्यला, हातानं दोर मोजून राह्यला — आन् तो चवेचाळीसच भरला, वर एखादी वीत असन. बाया इचारतात, काय मोजलं बाप्पा? हा दोर गुंडाळत निघाला. घरी आला, दोर फेकला, जेवला नाही. त्या दिवसापासून तो तिच्यासमोर पुस्तक उघडेना. वावरात घेऊन जाये, बांधावर एकटाच वाचत बसे.

आन् त्याच्यावर ते विजेचं आलं. मले एक सांगा, ज्या गावात वीज नाही तिथं विजेचे रासायनिक परिणाम कायले शिकवतात? आपलं राज्य झालं तवापासून वीज येऊन राह्यली, नुसते खांब गाडून गेले, खांबाले वेल चढून गेले, तारेचा पत्ता नाही. आन् हे इथं कंदिलाजवळ बसून पाठ करून राह्यले — धनाग्र, ऋणाग्र, मुलामा. तं इंद्रभानच्या मनात आलं, आपण हे करून दाखवू. चिखलीहून बॅटरीचे सेल आणले, मोरचूद आणला — आपण जनावराच्या जखमेले लावतो ना, तोच निळा खडा — तो गंजभर पाण्यात घोळवला, तांब्याची पट्टी आणली, आन् देवाची पितळेची पळी घेतली माझी. म्या म्हणलं देवाची कायले? तं म्हणे, 'माय, तू पाह्य तं खरी, ही पळी तांब्याची करून दाखवतो.' आन् चार लोक बोलावले सपरीत. त्याचा दोस्त तो कचरू आला, कचरूचा भाऊ आला, गल्लीतले पोट्टे जमले. म्या म्हणलं बरं हाय, करू दे, विहिरीपाशी गेलेली लाज भरून निघन.

पळी लाल व्हायची, तं ती काळपट पडायले लागली. सारे वाकून पाहून राह्यले. हा तारा दाबते, सेल ठोकते, फुंकर घालते — काही नाही. कोकिळा दारात उभी व्हती पदर घेऊन. हळूच म्हणे, 'तारा उलट्या लागल्या.' त्यानं ऐकलं नाही. का ऐकूनही ऐकलं नाही, देव जाणे. तिनं पुन्हा म्हणलं, 'पळीले ऋण पायजे, पट्टीले धन.' मंग तो कचरू — त्याच्या जिभेले काही हाड हाय का — तो म्हणे, 'अबे, वहिनीले करू दे ना बे!' सारे हसले. आन् तिलेही हसू आलं. खोटं नाही सांगणार मी तुमाले, तुमची पोरगी हाय म्हणून झाकणार नाही. हसली ती. जरासंच, पदरात, पण त्यानं पाह्यलं.

लाथ मारली त्यानं गंजाले. सारं निळं पाणी सपरीभर. लोक उठून गेले. मंग हा आत आला, तिच्या उजळणीचं पुस्तक उचललं आन् चुलीकडे गेला. म्हणे आजपासून बंद, परीक्षा बंद, मास्तरीणपणा बंद. तिनं पुस्तक धरून ठेवलं, सोडेचना. म्हणे, 'हे तुमचंच पुस्तक हाय, जाळान तं तुम्ही कायच्यात वाचान?' असं म्हणे ती त्याले — तवाही त्याचीच उजळणी तिच्या डोक्यात. आन् त्यानं... जाऊ द्या. मंग गेला तो निघून. रागानं गेला, आपल्या मनानं, कोणी काही म्हणलं नाही त्याले.

काय? — काय म्हणला तो? मायनं घराबाहेर काढलं म्हणला?

तुमाले सांगतलं त्यानं हे? सासरी जाऊन?

हाव. काढलं. आता त्यानंच सांगतलं तं मी कायले लपवू. हात उचलला त्यानं तिच्यावर, आन् म्या मनगट धरलं त्याचं. धरूनच ठेवलं. माझा मालक, देव त्याले चांगलं ठेवो, रोज हात उचले माझ्यावर — आन् माझी सासू तिथंच चुलीपाशी बसून भाकर भाजत राहे, तोंड वर करत नव्हती. भाकर फुगली का उलटवायची, फुगली का उलटवायची. मले त्या हाताचं काही वाटत नव्हतं, इहीनबाई, त्या भाकरीचं वाटे. हे मले तुमच्याजवळ बोलायचं नव्हतं, निघून गेलं तोंडातून. तं म्या त्याची पिशवी भरली, दोन सदरे, धोतर, टावेल, आन् पायरीवर नेऊन ठेवली. म्हणलं हात खाली होईन तवा ये. तो पाहतच राह्यला माझ्याकडे. एकुलता एक हाय तो माझा.

जेवतो का तिकडे? नाही, तुम्ही उपाशी ठेवणार नाही, मालूम हाय — पण जेवतो का? राग आला का तो नुसतं ताक पिऊन उठते. आन् पुस्तकं सारी इथंच ठेवून गेला. त्याचाही नंबर आला हाय ना चिखलीले! तिसऱ्यांदा बसायचं, आन् उजळणी कायच्यात करून राह्यला हा, तुमच्या ओट्यावर बसून? परीक्षा सोडली का काय त्यानं? इचारलं का तुम्ही? नाही इचारलं. पोरीच्या संसाराचं पाहायले आल्या, बरोबर हाय तुमचं, पण त्याच्या परीक्षेचं कोण इचारन?

आन् तुमाले वाटत असन, सून खुश असन, सासूनं बाजू घेतली! बोलत नाही ती माझ्यासंग. भाकर वाढते, पाणी देते, आन् आत जाऊन बसते. काल एवढंच म्हणे — 'आत्याबाई, तुम्ही त्यांले जाऊ कायले दिलं?' सांगा आता! मी पोराले काढलं तिच्यासाठी, आन् ती मलेच इचारते. तो म्हणते मायनं काढलं, ती म्हणते जाऊ कायले दिलं, तुम्ही म्हणता पोरगी द्या माझी. मी कोणाकोणाचं ऐकू? एक सांगते, तिले नेऊ नका. पास झाली नाही तरी चालन, पण बसू द्या तिले. आता त्याच्यासाठी नाही म्हणून राह्यली मी. तिच्याचसाठी म्हणून राह्यली. आत अंधारात बसून तोच तो गोल घोकून राह्यली माझी पोरगी — तुमची, तुमचीच पोरगी — एकडाव तं तिचं बरोबर आलेलं कोणीतरी बरोबर म्हणा ना तिले.

आन् मघापासून बाहेर काय पाहून राह्यल्या तुम्ही? मी जीव तोडून बोलून राह्यली, आन् तुमचं ध्यान सारं दाराकडे. कुत्रं असन, नाही तं शेजारची...

कोण हाय ते? निंबाखाली कोण उभं हाय?

तुमच्याच संग आला? आन् मघापासून तिथंच उभा हाय? आन् तुम्ही मले एवढं सारं बोलू दिलं, इहीनबाई!

इंद्रभान. इकडे ये. ये म्हणलं ना, तिथं काऊन उभा? बारीक झाला पाहा. — नाही, पायरीवर बसू नको, वर ये. आता ऐकलंच असन तू सारं. मले काही परत घ्यायचं नाही त्यातलं, आधीच सांगून ठेवते. काय? मोठ्यानं बोल, पुटपुटू नको.

...उद्या चिखलीले तिच्यासंग कोण जाऊन राह्यलं, म्हणतं?

मले काऊन इचारतं? मी ठरवलं नाही काही. माझ्याकडे पाहू नको, सासूकडेही पाहू नको. आत हाय ती. तिले इचार.

पाह्यलं — तिचा आवाजही बंद झाला आतून.

उठा, इहीनबाई. चहा राहू द्या आता. ती कळशी घ्या तुम्ही, मी गुंड घेते. नळ नाही आमच्या इथं, विहिरीवर जा लागते. दूर हाय जराशी. चला, उठा म्हणलं ना.